पाठांतर ही कामगाराची ढाल नव्हे

वर्सोव्याच्या एका टोकाला कोळीवाडा आहे, दुसऱ्या टोकाला यारी रोड आणि सात बंगल्याच्या इमारती. सगळे शहर कामावरून परतत असते त्या वेळी या वस्तीतून काही माणसे उलट्या दिशेने निघतात. २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने ती चकाला, मरोळ, साकीनाक्याच्या पट्ट्यात उतरतात आणि रात्रभर पडद्यासमोर बसून मेनफ्रेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या गणकयंत्रांची राखण करतात. यंत्र बहुधा त्या इमारतीत नसतेच. ते दुसऱ्या शहरात, पुष्कळदा दुसऱ्या खंडात असते. राखणदार मात्र अंधेरीत असतो, कारण तो तेथे स्वस्त पडतो.

या राखणदारांत गेली कित्येक वर्षे एक वाद धुमसत आहे. वरवर पाहता तो तांत्रिक आहे. यंत्राला द्यावयाच्या शेकडो आज्ञा माणसाने मुखोद्गत कराव्यात, की रोज त्याच त्या क्रमाने द्याव्या लागणाऱ्या आज्ञा एकदा लिहून यंत्राच्याच स्वाधीन कराव्यात? जुन्या पिढीतला जाणकार नवख्याला बाजूला घेऊन सांगतो, "लिहून कशाला ठेवतोस? डोक्यात ठेव. लिहिलंस की तुझी गरज संपली." नवखा मान डोलावतो आणि मनात म्हणतो, दादांना नवे काही शिकायचेच नाही. व्यवस्थापन दोघांकडेही समाधानाने पाहते. हा वाद असाच चालू राहिला तर त्याचा निकाल आपल्याच बाजूने लागणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

ज्येष्ठाच्या सल्ल्यामागे भीती आहे आणि ती भीती खोटी नाही. सल्ला मात्र चुकीचा आहे. तो कामगारहिताचा वाटतो, श्रमिक चळवळीतल्या पुष्कळ जुन्या जाणत्यांनाही पटतो, म्हणूनच त्याची झाडाझडती घेणे भाग आहे.

ज्या कार्यकर्त्यांचा या यंत्राशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी कामाचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. आजच्या मेनफ्रेमचा वंश आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मालिकेपासून चालत आला आहे. दिवसा हे यंत्र पैसे भरणे-काढणे, विम्याचे हप्ते, असे सुटे व्यवहार हाताळते. रात्री दिवसभराचा हिशेब एकामागून एक लावलेल्या शेकडो कामांच्या रांगेतून पुरा करते. या रांगेला बॅच म्हणतात. रांगेतले एक काम अडले की त्यावर अवलंबून असलेली मागची सारी अडतात, आणि सकाळी बँकेचे दार उघडते तेव्हा खात्यावर शिल्लक कालचीच दिसते.

हे चालू असताना कन्सोल नावाच्या पडद्यावर संदेशांचा पाऊस पडत असतो. बहुतेक संदेश निरुपद्रवी असतात. काही मात्र उत्तर मागतात, आणि उत्तर मिळेपर्यंत ते काम खोळंबून राहते. त्या गर्दीतून नेमका संदेश हेरून नेमकी आज्ञा देणे हे चालकाचे काम. आज्ञा अतिशय त्रोटक असतात. ‘डी’ म्हणजे दाखव, ‘एस’ म्हणजे सुरू कर, ‘पी’ म्हणजे थांबव, ‘सी’ म्हणजे रद्द कर, ‘व्ही’ म्हणजे एखादे उपकरण जोड अथवा तोड. कामांच्या रांगेचा कारभार पाहणाऱ्या ‘जेस’ नावाच्या विभागाला आज्ञा द्यायची तर आधी डॉलरचे चिन्ह काढावे लागते. येथेही डॉलरवाचून कोणी ऐकत नाही, असे कोणी म्हणेल. कोसळलेल्या कामांचे संकेतांक आणखी वेगळे. एस०सी७ म्हणजे आकड्याच्या जागी भलतेच काही आले, ८०६ म्हणजे हवी ती आज्ञावली सापडली नाही, ३२२ म्हणजे ठरवून दिलेला वेळ संपला, बी३७ म्हणजे जागा संपली. असे शेकडो. हे ज्याला पाठ तो रात्रपाळीचा राजा.

स्वयंचलनाची साधनेही आजची नव्हेत. यंत्र चालू होताना द्यावयाच्या आज्ञा एका यादीत लिहून ठेवल्या की यंत्र त्या स्वतःच स्वतःला देते. वारंवार लागणाऱ्या कामाचा तपशील एकदा लिहून नावानिशी साठवता येतो, आणि पुढे नुसते नाव घेतले की काम सुरू होते. ही सोय साठच्या दशकापासूनची आहे. आयबीएममधील माइक कौलिशॉ यांनी १९७९ मध्ये रेक्स ही भाषा रचावयास घेतली ती मुळी अशी रोजची कामे सामान्य वापरणाऱ्यालाही सहज लिहून काढता यावीत म्हणून. अमुक संदेश आला तर तमुक उत्तर दे, तोच संदेश तीनदा आला तर माणसाला उठव, एवढे सांगण्यास त्या भाषेत पंधरावीस ओळी पुरतात. म्हणजे जहागिरीसारखे जपले जाणारे हे ज्ञान चाळीसहून अधिक वर्षे लिहून ठेवण्याजोगे आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी ते लिहिले जात नाही, किंवा लिहिले गेले तर एखाद्याच्या खासगी फायलीत दडून राहते. याचे कारण तंत्रात शोधून सापडणार नाही.

पाठांतराला एवढी प्रतिष्ठा आली कोठून? काही अंशी शाळेतून. ज्याला पावकी-निमकी घडाघडा म्हणता येते तो हुशार, ही समजूत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. पण अधिक वाटा बाजाराचा आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सन २००० च्या तारखेचा घोळ निस्तरण्यासाठी कोबॉल भाषेतल्या जुन्या आज्ञावली तपासणारी माणसे जगाला हवी होती. मुंबईच्या उपनगरांत ‘मेनफ्रेम’ शिकवणारे वर्ग निघाले. असले यंत्र वर्गचालकांना परवडणारे नव्हते. भाड्याच्या जोडणीवर थोडे तास मिळत आणि उरलेला वेळ आज्ञा आणि संकेतांक घोकण्यात जाई. मुलाखतीतही तेच विचारले जाई. बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून फी भरून आलेल्या मुलाने जे विकत घेतले होते तेच जपून ठेवले, यात त्याला दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर ज्यांनी घोकलेल्या संकेतांकालाच कौशल्य म्हणून भाव दिला त्यांना द्यावा.

घोकणे आणि जाणणे यांतला फरक वर्सोव्याच्या कोळ्याला वेगळा शिकवावा लागत नाही. भरतीची वेळ रोज सरकते. पंचांगातली तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे ढोबळमानाने भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पंधरवड्याचे वेळापत्रक कोणी पाठ करीत बसत नाही. नियम ठाऊक असतो आणि नियमामागे चंद्र आहे हेही ठाऊक असते. पाऊणकी येथे लागते, पण ती वेळापत्रक डोक्यात साठवण्याची गरज संपवण्यासाठी लागते. शिवाय हा नियम कोणी कुलपात ठेवला नाही. बापाने मुलाला सांगितला, मुलाने शेजाऱ्याला. त्यामुळे कोळ्याची गरज संपली असे कधी झाले नाही. होडी हाकणे, डोल जाळे लावणे, वाऱ्याचा रंग ओळखून वेळेत परत फिरणे, हे सगळे उरलेच, आणि कोळ्याचा मान त्यावर ठरत आला.

याउलट पाठांतरावर उभी राहिलेली सत्ता कशी असते हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. मंत्र मुखोद्गत असलेल्या भटजीवाचून लग्न लागत नसे, आणि ते मंत्र त्याने इतरेजनांना शिकवावयाचे नसत. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाने विधी कोणा एका जातीच्या जिभेवर अडकून राहू दिला नाही. वाचता येणारा कोणीही तो पार पाडू लागला. ज्यांची दक्षिणा त्या जिभेवर अवलंबून होती ते संतापले, हे ओघानेच आले. आपली वही कुलूपबंद ठेवणाऱ्या आजच्या जाणकाराला भटजी म्हटले तर राग येईल. त्याने तो अवश्य मानावा, आणि मग कालच रुजू झालेल्या मुलाने पहाटे तीन वाजता एक साधा प्रश्न विचारला तेव्हा आपण त्याला काय उत्तर दिले ते आठवावे.

मुंबईच्या कामगाराला याहून जवळचा दाखला गिरणीतल्या जॉबरचा आहे. जॉबर कामगारांतूनच वर आलेला असे. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला कोणत्या साच्यावर उभे करायचे, हे त्याच्या हाती असे, आणि त्याच्या मार्फतच मालक खात्यावर राज्य करी. त्याची सत्ता कामगाराची सत्ता आहे असे गिरणगावात कोणी मानले नाही. रात्रपाळीच्या राजाची गोष्ट फारशी वेगळी नाही. त्याच्यावाचून यंत्र चालत नाही, म्हणून साहेब त्याला दुखावत नाही. आणि साहेब त्याला दुखावत नाही म्हणून तो इतरांच्या पगाराच्या प्रश्नावर तोंड उघडत नाही.

शिवाय या गुपिताची किंमत ते राखणाऱ्यालाच मोजावी लागते. ज्याला सगळे पाठ आहे त्याला रजा मिळत नाही. गौरी-गणपतीत तो गावी पोचतो न पोचतो तोच फोन येतो. नारळी पौर्णिमेला सारा कोळीवाडा समुद्रावर असतो, आणि घरचा हा एक मुलगा मरोळला बसलेला असतो. वय वाढते, झोप उडते, रक्तदाब चढतो, आणि स्मरणही पूर्वीसारखे चालत नाही. एखाद्या उपकरणाच्या चार अक्षरी पत्त्यातले एक अक्षर पहाटे चुकले की भलतीच तबकडी यंत्रापासून तुटते. चूक स्मरणाची असते, थकव्याची असते, सलग सहाव्या रात्रपाळीची असते. मेमो मात्र माणसाच्या नावाने निघतो. लिहून, तपासून ठेवलेली आज्ञा थकत नाही, एवढी साधी गोष्ट कामगाराच्या बाजूची आहे हे अजून पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

२६ जुलै २००५ ची रात्र उपनगरांना विसरता येणार नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. लोकल थांबल्या, माणसे कचेऱ्यांत अडकून पडली किंवा छातीएवढ्या पाण्यातून चालत निघाली. अशा रात्री पुढची पाळी येत नाही. जेथे कार्यपद्धती लिहिलेली असते तेथे बसलेला माणूस, मग तो नवखा का असेना, यंत्र सांभाळतो आणि दोघे-तिघे आळीपाळीने डोळा लावू शकतात. जेथे ती एकाच डोक्यात असते तेथे ते डोके दुसऱ्या दिवसापर्यंत जागे राहते, नाही तर साकीनाक्याच्या पाण्यात उभे असते आणि फोन लागत नाही. मार्च २०२० मध्ये उपनगरी गाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या तेव्हा तीच अडचण एका रात्रीवरून कित्येक महिन्यांवर गेली.

येथे एक आक्षेप हमखास येईल. पाठांतरावर एवढी टीका करायची, तर मग साठ-सत्तरच्या दशकांत कामगार संघटनांनी गणकयंत्राला केलेला विरोध चुकीचा होता काय? नव्हता. आयुर्विमा महामंडळाने साठच्या दशकाच्या मध्यास गणकयंत्रे आणण्याचे ठरवले तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी लढा दिला, कलकत्त्याच्या इलाको हाऊसभोवती यंत्र आत येऊ नये म्हणून पहारे दिले. यंत्र कोणाच्या भल्यासाठी येते, हा प्रश्न त्या लढ्याने देशापुढे ठेवला. केंद्र सरकारने १९६९ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी समिती नेमली आणि १९७२ मध्ये तिचा अहवाल आला. बँकांत १९८३ चा करार झाला. कोणती यंत्रे, किती, कोठे, आणि ती चालवणाऱ्याला भत्ता कोणता, असा सगळा बंदोबस्त संघटनांनी झगडून करून घेतला. त्या बंदोबस्तामुळे यंत्र आले तरी माणूस रस्त्यावर आला नाही, आणि ज्या तरुण व्यवस्थापकांना आज त्या संघटनांची थट्टा करावीशी वाटते त्यांच्यापैकी कित्येकांचे आईबाप त्याच करारांच्या आश्रयाने निवृत्तीपर्यंत पोचले आहेत.

उणीव दुसरीकडे राहिली. घासाघीसीचा भर यंत्रांच्या संख्येवर आणि चालकाच्या भत्त्यावर राहिला. यंत्राने काय करावे हे लिहिणार कोण, लिहिलेल्यावर हक्क कोणाचा, आणि त्याने वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडणार, हे प्रश्न मागे पडले. जो हिस्सा कराराने मिळवला नाही तो एकेका माणसाने गुपिताच्या रूपाने मिळवण्याचा प्रयत्न केला. आजचे पाठांतर हे त्या राहून गेलेल्या कलमाचे खासगी रूप आहे.

त्या काळातली आणखी एक गोष्ट समाजवाद्यांना तरी विसरण्याचे कारण नाही. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे आपला भांडवली हिस्सा कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये तिने भारतातला कारभार गुंडाळला. तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीकडे आली. आयबीएममध्ये काम केलेले पुष्कळ भारतीय अभियंते तिकडे गेले आणि यंत्रे चालत राहिली. कंपनी गेली तरी काम अडले नाही, कारण काम जाणणारी माणसे अनेक होती आणि ती एकत्र होती. एकेकट्याच्या डोक्यातल्या गुपितावर हे साधले नसते.

आता व्यवस्थापनाकडे वळावयास हरकत नाही, कारण खरा हिशेब त्याच्याशीच आहे. ‘सर्व काही स्वयंचलित करा’ हा मंत्र त्याच्या तोंडी येतो तेव्हा त्याचा अर्थ निराळा असतो. कंत्राट संपत आले, किंवा काम याहून स्वस्त गावी न्यायचे ठरले, की कामगाराला ‘नॉलेज ट्रान्सफर’साठी बसवतात. संक्षेपाने केटी. समोर एक नवा माणूस, नाही तर नुसता कॅमेरा. वीस वर्षांत शिकलेले सहा आठवड्यांत ओतून द्यायचे, त्यावर सही करायची आणि ओळखपत्र दारावर परत करायचे. हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन लेखकाने, जो स्वतः तांबटकाम करीत आलेला होता, १९७४ मध्ये दाखवून दिले की भांडवलदारी व्यवस्थापनाचा कल योजणारे डोके आणि राबणारे हात यांची फारकत करण्याकडे असतो. केटी हे त्या फारकतीचे आजचे, वातानुकूलित रूप होय.

परंतु पाठांतर या फारकतीला थोपवू शकते काय? जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणींत होणार असे सांगण्यात आले, आणि कारण दिले गेले ते कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे. डोक्यात साठवलेली वर्षे ही ढाल असती तर ती सर्वांत आधी याच श्रेणींच्या कामी आली असती. मालकाला गुपित विकत घ्यावे लागत नाही. तो थांबतो, ते यंत्रच बदलतो, नाही तर सगळे काम दुसऱ्याच पद्धतीवर नेतो, आणि मग कुलपातल्या वहीची किंमत रद्दीइतकीही राहत नाही.

व्यवस्थापनाचा दुसरा भ्रम असा की एकदा लिहून झाले म्हणजे समजणारा माणूस लागत नाही. जून २०१२ मध्ये ब्रिटनमधील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात रात्रीची कामे क्रमाने सोडणाऱ्या आज्ञावलीची सुधारित आवृत्ती बसवण्यात आली. अडचण दिसताच ती काढून जुनी परत बसवली, आणि असे केल्याने काय होईल याची चाचणी आधी घेतली नाही. दोन्ही आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. रात्रीची रांग विस्कटली. सुमारे ६५ लाख ग्राहकांना त्याची झळ पोचली. कोणाचा पगार जमा झाला नाही, कोणाचा घराचा हप्ता गेला नाही, आणि त्याच समूहातल्या अल्स्टर बँकेचा गोंधळ तर जुलै उजाडला तरी निस्तरला गेला नव्हता. नियामकांनी २०१४ मध्ये मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. पाठांतराचे समर्थक या घटनेकडे बोट दाखवून म्हणतील, पाहा, यंत्रावर विसंबले की असे होते. पण त्या रात्री कोणाला आज्ञा आठवल्या नाहीत असे झाले नव्हते. चाचणीला वेळ दिला गेला नव्हता, आणि हजारो कामांचा परस्परसंबंध समजणाऱ्याचे म्हणणे निर्णयाच्या वेळी ऐकून घेण्याची सोय नव्हती. ही उणीव कितीही आज्ञा पाठ करून भरून निघत नाही.

वर्सोव्यात होड्यांना इंजिने बसली तेव्हा कोळ्याने शिडासाठी उपोषण केले नाही. त्याचे भांडण ट्रॉलरवाल्याशी झाले, किनाऱ्याजवळचे पाणी कोणाचे यावर झाले, आणि अशाच भांडणांच्या पार्श्वभूमीवर १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. तो पाळला जातो किती हा वेगळा विषय आहे, आणि तो कोळीवाड्यात न काढलेला बरा. पण भांडण कोठे करायचे हे कोळ्याने बरोबर ओळखले होते.

मेनफ्रेमच्या राखणदारानेही ते ओळखणे शक्य आहे. नॉर्वेत सत्तरच्या दशकात लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेने गणकशास्त्रज्ञ क्रिस्टन नीगार्ड यांना हाताशी धरून कामगारांनाच या विषयाचा अभ्यास करावयास लावला. १९७५ मध्ये तेथील कामगार महासंघ आणि मालकसंघ यांच्यात राष्ट्रीय पातळीवर करार झाला: गणकयंत्रावर आधारलेली नवी पद्धत आणण्यापूर्वी तिची माहिती कामगारांना, त्यांना समजेल अशा भाषेत दिली पाहिजे, आणि या विषयापुरता त्यांचा स्वतंत्र प्रतिनिधी नेमता आला पाहिजे. नीगार्ड हे सिमुला या प्रसिद्ध संगणकीय भाषेचे एक जनक. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला कामगारांच्या अभ्यासवर्गात बसणे कमीपणाचे वाटले नाही.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-क प्रमाणे, ज्या सुधारणेमुळे कपात होण्याचा संभव असेल तिची एकवीस दिवसांची आगाऊ सूचना कामगारांना द्यावी लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तंत्रातील सुधारणेची ती बाब राहिली आहे. पळवाट ‘संभव’ या शब्दात आहे. आज मालक म्हणतो कपातीचा संभव नाही, म्हणून सूचना नाही. वर्षभराने राजीनामा मागतो, आणि राजीनामा ही कपात नव्हे असे सांगतो. दुसरी पळवाट अशी की ही मंडळी कामगारच नव्हेत. कायद्याच्या व्याख्येत तर शारीरिक आणि कारकुनी कामाच्या बरोबरीने तांत्रिक काम स्पष्ट लिहिलेले आहे. रात्रभर कन्सोलसमोर बसून आज्ञा देणाऱ्याचे काम तांत्रिक नव्हे तर काय कीर्तनाचे आहे? ओळखपत्रावर ‘मॅनेजर’ छापले म्हणून ते बदलत नाही. दुःख असे की छापलेले ते अक्षर वाचून पुष्कळांना स्वतःलाच कामगार म्हणवून घ्यायची लाज वाटते.

मागणी काय असावी, हे अवघड नाही. रोजची कामे जो करतो त्यानेच ती लिहावीत, कामाच्या वेळेत लिहावीत, आणि त्या लेखनाची नोंद काम म्हणूनच व्हावी. घरी बसून रविवारी नव्हे. लिहिलेल्यावर लिहिणाऱ्याचे नाव राहावे आणि प्रत सगळ्या पाळीला खुली असावी. जे काम यंत्राकडे दिले ते हातानेही करता येणारी दोन माणसे तरी प्रत्येक पाळीत असली पाहिजेत आणि ठरावीक मुदतीने ते हाताने करून पाहण्याचा सराव झाला पाहिजे, म्हणजे ब्रिटनमधल्यासारखी रात्र आली तर निस्तरणारे कोणी असेल. वाचलेले तास आधी रात्रपाळ्या कमी करण्याकडे आणि शिकण्याकडे वळावेत. स्वयंचलनाचे निमित्त करून ठरावीक काळात कोणालाही काढणार नाही असा लेखी करार, पद्धत सुरू होण्याच्या आधी व्हावा. नंतर झालेल्या करारांचा अनुभव गिरणगावाला पुरेसा आहे. मालक यांतले काहीच एकदम देणार नाही हे उघड आहे. पण ज्या पाळीत दहा जणांना सगळे काम येते ती पाळी एका दिवसासाठी एकत्र उठू शकते. जेथे ते एकालाच येते तेथे तो एकटा आजारी पडू शकतो, एवढेच.

यांतली एक गोष्ट मालकाकडे मागावी लागत नाही. ती म्हणजे कुलपातली वही बाहेर काढून पाळीतल्या सगळ्यांपुढे ठेवणे. ती आधी झाली तर बाकीच्या मागण्या करणाऱ्यांची संख्या आपोआप वाढेल.

आणि एक गोष्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांनीही करावयाची आहे. उपनगरांत कामगारांच्या बैठका संध्याकाळी सातला ठेवण्याची जुनी सवय आहे. गिरणीची पहिली पाळी सुटल्यावर ती वेळ सोयीची होती. मेनफ्रेमचा राखणदार सातला घरून निघण्याच्या तयारीत असतो. तो भेटतो सकाळी आठच्या सुमारास, वर्सोवा स्थानकाच्या जिन्याखाली, चहाच्या टपरीवर, डोळे चोळत. बैठक तेव्हा आणि तेथे भरवावी लागेल, आणि बोलावणाऱ्याने त्याआधी बॅच म्हणजे काय एवढे तरी समजून घेतलेले असावे.